आधी सहीचं पेन खाली ठेवा

ज्या विद्यार्थिनीशी तुमचं प्रेमाचं नातं आहे, तिच्या उत्तरपत्रिकेला तुम्ही हात लावायचा नाही. तिच्या प्रबंधावर सही करायची नाही. तिच्या फेलोशिपचा कागद तुमच्या टेबलावर येता कामा नये, आणि ज्या तोंडी परीक्षेला ती बसली आहे त्या खोलीत तुम्ही परीक्षक म्हणून पाऊल ठेवायचं नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही. नांदेड-लातूरच्या उच्च शिक्षणात ती मोठ्याने बोलून दाखवली की समोरचे प्राध्यापक दोनपैकी एक उत्तर देतात. काही म्हणतात, ‘मॅडम, आपल्याकडे असलं काही नसतं.’ काही म्हणतात, ‘मॅडम, ज्याचं त्याचं खासगी आयुष्य आहे.’ पहिलं उत्तर खोटं आहे आणि दुसरं पळपुटं आहे.

मी याच भागातल्या वरिष्ठ महाविद्यालयांत शिकवत आले आणि अंतर्गत तक्रार समितीवर बसले. समितीपुढे आलेलं एकही प्रकरण मी इथे सांगणार नाही. कायद्याने ते सांगता येत नाही, आणि त्या मुलींचा तो हक्क आहे. पण जी प्रकरणं समितीपुढे कधी येतच नाहीत ती का येत नाहीत, हे सांगायला मला कुणाची आडकाठी नाही.

बारावीच्या परीक्षेत काय होतं ते आधी पाहा. स्वतःचा मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसली असेल तर शिक्षक आपण होऊन सांगतो, यंदा मला हे काम नको. विद्यापीठातही पेपर काढणाऱ्याचा, तपासणाऱ्याचा, प्रॅक्टिकल घेणाऱ्याचा जवळचा नातेवाईक परीक्षेला असेल तर त्याने बाजूला व्हायचं, हे सगळ्यांना मान्य आहे. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. ‘माझ्या सचोटीवर शंका घेता काय’ असं कुणी ओरडत नाही. पोटच्या पोराच्या बाबतीत माणसाचा तोल जाऊ शकतो, हे आपण गृहीत धरतो आणि ते बरोबरच आहे. मग ज्या मुलीवर मन जडलं आहे तिच्या बाबतीत तोच माणूस तराजू सरळ धरेल, हे आपण कशाच्या जोरावर मानतो? आणि उद्या तिने नातं तोडलं तर तो तिच्या प्रबंधावर सूड उगवणार नाही, ही हमी कोणी घेतली आहे?

बाहेरच्या माणसाला पीएचडीच्या गाईडच्या हातात काय काय असतं याची कल्पना नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाली की आधी गाईड मिळवायचा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चार संशोधक असू शकतात. जागा मोजक्या आणि मागणारे ढीगभर. ‘सर घेतील का’ या प्रश्नापासूनच मिनतवारी सुरू होते. मग विषय, मग सिनॉप्सिस, मग दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. त्या समितीचा निमंत्रक कोण? गाईडच. हे त्याच नियमावलीत लिहून ठेवलेलं आहे. शेवटी प्रबंध बाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात, पण त्यांच्यासोबत गाईडचंही मूल्यमापन असतं. आणि बाहेरच्यांची नावं कुणाच्या तोंडून निघतात, हे विद्यापीठात वावरलेल्या शिपायालाही माहीत असतं.

त्यात पैसा आला. जेआरएफ, म्हणजे केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती घेणारी मुलं-मुली आमच्या भागात कितीतरी आहेत. मुखेड, कंधार, जळकोटकडच्या कोरडवाहू घरातल्या मुलीसाठी ही रक्कम म्हणजे फक्त तिचा खर्च नसतो. धाकट्या भावाची फी आणि बापाचं पीककर्ज त्यातूनच निघतं. आणि हे पैसे सुटायला उपस्थितीचा दाखला लागतो, प्रगती अहवाल लागतो, घरभाड्याचा कागद लागतो. या सगळ्यांवर खाली उजव्या कोपऱ्यात गाईडची सही लागते.

महिनाअखेरीला विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसलेली अशी मुलगी मी पाहिली आहे. मांडीवर प्लास्टिकची फाइल, आत तीन प्रतींत फॉर्म, सही जिथे हवी तिथे पेन्सिलीने केलेली बारीक फुली, म्हणजे सरांना शोधायचेही कष्ट नकोत. सर आत बसलेले. निरोप येतो, ‘नंतर ये.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज घाई आहे.’ तिसऱ्या दिवशी, ‘संध्याकाळी घरी ये, निवांत बघू.’ तीन सह्यांना अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी एका सज्ञान, एमएला पहिल्या आलेल्या मुलीला तीन दिवस ताटकळत ठेवता येतं, आणि याचा जाब विचारणारं त्या इमारतीत कुणी नसतं. आता याच माणसाने तिला प्रेमाबद्दल विचारलं आणि ती हो म्हणाली, तर त्या होकाराची किंमत काय धरायची? तो होकार खोटाच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित अगदी खरा असेल. पण जोवर त्या फॉर्मवरची सही याच माणसाच्या हातात आहे, तोवर तो खरा आहे की नाही हे सांगण्याची सोयच उरत नाही, तिलासुद्धा नाही.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या, नेमणुकांनी हा फास आणखी आवळला आहे. आमच्याकडे पीएचडी करणारी कितीतरी मुलं-मुली त्याच महाविद्यालयात सीएचबीवर शिकवतात. नेमणूक दर वर्षी नव्याने, आणि ती व्हावी की नाही याबद्दल शब्द टाकणारा बऱ्याचदा तोच विभागप्रमुख, जो तिचा गाईडही असतो. म्हणजे तिची पदवी, तिची फेलोशिप किंवा तिचे तास, आणि पुढे कायम नोकरीच्या मुलाखतीला लागणारी शिफारस, सगळ्या दोऱ्या एका मुठीत. कारखान्यातल्या मुकादमाकडेही मजुराच्या आयुष्याचा एवढा ताबा नसतो.

‘दोघं सज्ञान आहेत, तुम्ही कोण बोलणाऱ्या?’ हा प्रश्न मला भर बैठकीत विचारला गेला आहे. त्याचं उत्तर आपल्या फौजदारी कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ वाचा. अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या जागेवर असलेल्या माणसाने त्या जागेचा गैरवापर करून आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधाला राजी केलं, तर तो बलात्कार ठरत नसला तरीही गुन्हा आहे, आणि शिक्षा पाच ते दहा वर्षं सक्तमजुरी. जुन्या दंड संहितेत हेच ३७६ क होतं. आणि बलात्काराच्या वाढीव शिक्षेच्या कलमात, म्हणजे ६४ च्या दुसऱ्या पोटकलमात, नातेवाईक आणि पालक यांच्या जोडीला ‘शिक्षक’ हा शब्द स्वतंत्रपणे घातलेला आहे. शिक्षकाचं पद आणि सामान्य पुरुषाचं स्थान एक नाही, हे कायदा करणाऱ्यांना कळलं. प्राध्यापकांना अजून कळायचं आहे.

पण फौजदारी कायदा शेवटच्या टोकाला येतो. त्याच्या अलीकडे जे हवं ते आपल्याकडे नाही. २०१३ चा कार्यस्थळावरच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या आधाराने यूजीसीने केलेली २०१५ ची नियमावली आहे, जी २ मे २०१६ रोजी राजपत्रात आली. ही नियमावली मी अनेकदा वाचली आहे आणि ती चांगली आहे. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात, प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी सदस्य असावेत, कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीवर बसू नये, अशा नेमक्या गोष्टी तिच्यात आहेत. नवव्या कलमात तर ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं, चाचण्यांचं, परीक्षांचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येईल असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे सही काढून घेण्याचं तत्त्व मान्य आहे. फक्त ते तक्रार झाल्यावर लागू होतं. संबंध सुरू असताना, कुणाची तक्रार नसताना, नातं गोड असताना गुण कोण देणार, याबद्दल ती नियमावली गप्प आहे.

आणि तक्रारीची मुदत बघा. घटनेपासून तीन महिने. समितीला पटलं तर आणखी तीन. पीएचडीचा कालावधी किती? किमान तीन वर्षं, साधारण कमाल सहा. म्हणजे ज्या माणसाची सही तिला सहा वर्षं लागणार आहे, त्याच्याविरुद्ध तिने सहा महिन्यांच्या आत तोंड उघडायचं. कोण उघडेल? ज्या मुलींनी उघडलं त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार आहे, पण धैर्यावर विद्यापीठ चालवायचं नसतं.

पीएचडीच्या २०२२ च्या त्या नियमावलीत एक तरतूद आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने संशोधक स्त्रीला दुसरीकडे जावं लागलं, तर तिचं संशोधन, तिची सामग्री नव्या संस्थेत नेता येईल. मुलीचं लग्न होणार, ती सासरी जाणार, ही शक्यता दिल्लीत बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे होती. गाईडच तिच्या प्रेमात पडेल, किंवा पाठीमागे लागेल, आणि तिला गाव न बदलता फक्त गाईड बदलावा लागेल, ही शक्यता कुणाच्या डोळ्यांपुढे आली नाही.

मग प्रत्यक्षात काय होतं? कुजबुज. आधी कॅन्टीनमध्ये, मग स्टाफरूममध्ये, मग पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. विभागातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण माहीत नसल्याचं सोंग करतो. वर्गातल्या इतर मुलांना मात्र सोंग करता येत नाही, कारण नुकसान त्यांचं होत असतं. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वीस असोत की चाळीस, ते एका माणसाच्या मर्जीने पडतात. एका मुलीला अठरा पडले की उरलेले सत्तेचाळीस जण मनात म्हणतात, ‘पडणारच.’ ती खरोखर अठरा गुणांच्या लायक असली तरी तिची लायकी कायमची गेली. या गोष्टीचा विचार प्रेम करणारे प्राध्यापक कधी करत नाहीत. तुम्ही तिला दिलेला प्रत्येक गुण तिच्या अंगाला चिकटतो. तिने रात्र रात्र जागून केलेलं काम तुमच्या नावावर जमा होतं.

आणि एखाद्या दिवशी कुजबुज गावापर्यंत पोहोचते. वडील एसटीने येतात, धोतर-टोपीत, प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेला बसतात. तिथे चर्चा कशाची होते? मुलीच्या वागण्याची. तिच्या मोबाइलची, ती रूमवर किती वाजता येत होती याची. प्राचार्य समजुतीने सांगतात, ‘मुलीला काही दिवस घरी घेऊन जा.’ काही दिवस संपत नाहीत, लग्नाची तारीख ठरते. सरांना संस्थेच्या तालुक्याच्या शाखेत पाठवतात आणि वर्ष-दोन वर्षांनी ते परत येतात. कागदावर कुठे काही नाही. प्रकरण मिटलं, असं म्हणतात. त्या मुलीमागून त्या गावातून शिकायला निघालेल्या आणखी दोघी-तिघींचं दप्तरही त्याच दिवशी मिटतं, याची नोंद नॅकच्या कोणत्याही मूल्यांकन अहवालात होत नाही.

या बदनामीच्या बाजारात खरा प्रश्न कसा हरवतो याचं उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं आहे. २००६ साली पाटण्याच्या बी. एन. कॉलेजातले हिंदीचे प्राध्यापक मटुकनाथ चौधरी आणि त्यांची विद्यार्थिनी यांच्या संबंधांवरून टीव्हीवर तमाशा झाला. कॅमेऱ्यांसमोर त्यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. वय, बायको, लाज, भारतीय संस्कृती, सगळ्यावर दिवसच्या दिवस चर्चा झाली. २००९ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आलं. शिक्षक असताना त्यांच्या हातात त्या मुलीचं कोणतं मूल्यमापन होतं, ते वेळीच का काढून घेतलं गेलं नाही, हे त्या गदारोळात माझ्या तरी कानावर आलं नाही. मला काळं फासणाऱ्यांबद्दल काडीचाही आदर नाही. बायकोशी प्रतारणा केली की नाही, हा त्यांच्या घराचा प्रश्न. परीक्षेशी प्रतारणा झाली की नाही, हा विद्यापीठाचा प्रश्न, आणि विद्यापीठाने तोच विचारायचा असतो.

‘आपली गुरु-शिष्य परंपरा आहे, शिक्षकाने विद्यार्थ्यापासून फटकून राहायचं का?’ असंही ऐकवलं जातं. नांदेडमध्ये हे ऐकवणाऱ्यांना मी नरहर कुरुंदकरांची आठवण करून देते. पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेले कुरुंदकर गुरुजी. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा सतत राबता असे, घराचं दार उघडं असे. त्या जवळिकीतून या गावाला वाचणारी, वाद घालणारी एक पिढी मिळाली. ती जवळीक चारचौघांत होती, दार उघडं ठेवून होती. विद्यार्थ्याला वाढवणारी जवळीक आणि विद्यार्थिनीला बांधून ठेवणारी जवळीक यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी कुरुंदकरांचं नाव घेऊ नये. ज्यांच्या नावाने १९९४ साली आमचं विद्यापीठ उभं राहिलं ते स्वामी रामानंद तीर्थही मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते. त्यांचं नाव प्रवेशद्वारावर लावणाऱ्यांवर काही जबाबदारी येते.

आता एका आक्षेपाचं उत्तर देणं मला अवघड जातं, आणि म्हणूनच ते नीट द्यायला हवं. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, ‘ताई, नातं जाहीर करायचा नियम केला तर तो पहिला कुणावर चालेल? दलित प्राध्यापक आणि वरच्या जातीतली मुलगी, यांच्यावरच ना?’ मराठवाड्यात हा प्रश्न हवेतला नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या निमित्ताने १९७८ मध्ये याच नांदेड जिल्ह्यातल्या दलित वस्त्यांत काय जळालं ते आम्ही विसरलेलो नाही. जात ओलांडून प्रेम केलं म्हणून जीव घेणारी माणसं आजही आमच्या भोवती आहेत. म्हणून माझं म्हणणं आहे की नातं चव्हाट्यावर जाहीर करायचं नाही. ते एका ठरावीक अधिकाऱ्याला, लेखी, गोपनीय कळवायचं. संस्थाचालकाला नाही, विभागाला नाही, आईबापाला तर अजिबात नाही. विभागाला फक्त एवढं दिसेल की अमुक विद्यार्थिनीचा गाईड बदलला आहे. कारण विचारण्याचा हक्क कुणालाच नाही. जो अधिकारी हे फोडेल त्याच्यावर कारवाई. असा नियम त्या दलित प्राध्यापकाच्या प्रेमाचं रक्षणच करेल, कारण उद्या कुणी त्याच्यावर ‘गुणांच्या बदल्यात’ असा आरोप केला तर त्याच्या हातात तारखेचा कागद असेल. आज त्याच्याकडे काहीच नाही.

आणि कळवायची जबाबदारी कुणाची? शिक्षकाची. फक्त शिक्षकाची. विद्यार्थिनीने कळवलं नाही म्हणून तिला एका शब्दानेही बोल लागता कामा नये. पुरुष विद्यार्थी आणि स्त्री प्राध्यापक असेल, किंवा दोघं पुरुष, दोघी स्त्रिया असतील, तरी हाच नियम. पदवीच्या मुलींच्या बाबतीत मात्र कळवण्याबिळवण्याचा प्रश्नच नको. अठरा-एकोणीस वर्षांच्या, नुकत्या गाव सोडून आलेल्या मुलीला शिकवणाऱ्या माणसाने तिच्याशी असं नातं ठेवायचंच नाही. तिथे सरळ बंदी हवी.

हे काही मी एकटी मागत नाही. येल विद्यापीठाने २०१० मध्ये आणि हार्वर्डने २०१५ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या लैंगिक संबंधांवर बंदी घातली. ऑक्सफर्डने २०२३ मध्ये, ज्या विद्यार्थ्यांची जबाबदारी शिक्षकावर आहे त्यांच्याशी असे संबंध निषिद्ध केले. इंग्लंडच्या उच्च शिक्षण नियामकाची नवी अट १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला अशा नात्यांतल्या सत्तेच्या गैरवापरापासून आणि हितसंबंधांच्या संघर्षापासून विद्यार्थ्यांचं रक्षण करण्यासाठी ठोस पावलं उचलावी लागतात. जिथे स्त्री-पुरुषांनी एकत्र राहण्याला समाज नावं ठेवत नाही, त्या देशांनी हे नियम केले. म्हणजे हा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा नाही, न्यायाचा आहे, हे त्यांना उमगलं. आपण मात्र सोवळ्याचं नाटक करतो आणि न्याय सोडून देतो.

नियम नसतो तेव्हा शेवट कुठे होतो, याचं ताजं उदाहरण ओडिशात आहे. बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयातल्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. समिती होती, चौकशी झाली होती. तिने जुलै २०२५ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जुलैला ती गेली. तिने पेटवून घेतल्यानंतरच विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांना अटक झाली. ते प्रेमाचं प्रकरण नव्हतं, छळाच्या तक्रारीचं होतं, हे मला माहीत आहे. पण ज्याच्या हातात मुलीचं शैक्षणिक भवितव्य आहे त्याच्या हातातून ते वेळीच काढून घेण्याची सवय संस्थांना नसते, हे दुखणं दोन्हीकडे एकच आहे.

लातूरच्या ट्यूशन एरियाबद्दल, म्हणजे खासगी क्लासच्या वस्तीबद्दल, थोडंच बोलते, कारण तो विद्यापीठाच्या अखत्यारीबाहेरचा विषय आहे. तिथली मुलं सोळा-सतरा वर्षांची. अठराखालच्या मुलीची संमती कायदा मानतच नाही, तिथे थेट पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. जून २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या बीडमध्ये एका नावाजलेल्या खासगी क्लासच्या शिक्षकांना अशाच गुन्ह्यात अटक झाली. पण ज्या मुलीला दोन वर्षं ‘सर म्हणतील ते’ हेच शिकवलं गेलं, ती पुढे महाविद्यालयात येते तेव्हा सरांना नाही म्हणण्याची सवयच घेऊन येत नाही. पदवीच्या पातळीवर बंदी मागण्याचं हेही एक कारण आहे.

प्रेमाइतकंच, कदाचित त्याहून जास्त, आमच्याकडे मूल्यमापन पाहुणेपणाने, म्हणजे सोयरिकीने, नासलं आहे. ‘आपल्या पाहुण्यातलाच आहे’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती मुलाखतींच्या, किती प्रॅक्टिकल परीक्षांच्या आधी बोललं जातं? मेव्हण्याचा मुलगा संशोधक, आतेभाऊ त्याचा बाहेरचा परीक्षक, संस्थाचालकाची सून विभागप्रमुख आणि तिचाच भाऊ तिच्या विभागात सीएचबीवर. प्रेमप्रकरण झालं की नाक मुरडणारे हेच लोक सोयऱ्याच्या प्रबंधावर हसत सही करतात आणि व्हायवानंतर जेवणाच्या पंगतीला बसतात. हितसंबंध तोच, वशिला तोच, फरक एवढाच की एकाला समाज व्यभिचार म्हणतो आणि दुसऱ्याला माणुसकी. मी मागते तो नियम दोघांना सारखाच लागला पाहिजे. नातं रक्ताचं असो, लग्नाचं असो की प्रेमाचं, मूल्यमापन दुसऱ्याने करायचं.

विद्यापीठाला हे करणं जड नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने व्यवस्थापन परिषदेला, विद्या परिषदेला, परीक्षा व मूल्यमापन मंडळाला पुरेसे अधिकार दिलेले आहेत. कुलगुरूंनी मनावर घेतलं तर विष्णुपुरीच्या मुख्य परिसराला, लातूरच्या उपपरिसराला आणि चार जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांना एकच नियम लावता येतो. दर वर्षी प्रत्येक शिक्षकाने एक पानी प्रकटन द्यावं: मी ज्यांचं मूल्यमापन करतो त्यांच्यात माझा नातेवाईक किंवा निकटचा संबंध असलेली व्यक्ती आहे किंवा नाही. असेल तर पंधरा दिवसांत दुसरा गाईड, दुसरा परीक्षक. फेलोशिपचा एकही महिना बुडता कामा नये, सीएचबीची नेमणूक त्यावरून अडता कामा नये, झालेलं काम वाया जाता कामा नये. आणि संशोधन सल्लागार समितीचं निमंत्रकपद अशा प्रकरणात तत्काळ दुसऱ्याकडे. लपवलं आणि उघड झालं, तर लपवणं हीच गैरवर्तणूक. मग नातं किती पवित्र होतं याच्या कहाण्या ऐकत बसायचं नाही.

माझ्या प्राध्यापक मित्रांनो, तुमच्यातल्या अनेकांनी आपल्या माजी विद्यार्थिनींशी लग्नं केली आणि सुखाचे संसार केले. मी त्या लग्नांना गेले आहे, अक्षता टाकल्या आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी ती पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत थांबण्याची कळ काढली, त्यांच्याविषयी मला आदर आहे. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी आधी तिच्या कागदावरचं आपलं नाव काढावं. दोन्ही हातांत दोन्ही गोष्टी धरू नयेत. एवढं ज्याला जमत नाही तो त्या मुलीवर प्रेम करत नाही, तो आपल्या खुर्चीवर प्रेम करतो.

आणि मुलींनो, नियम होईल तेव्हा होईल. आज हातात जे आहे ते वापरा. गाईडकडून त्रास सुरू झाला तर शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी अर्ज द्या. अर्ज उशिरा होत असेल तर उशिराचं कारण लिहा, मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. २०१५ च्या नियमावलीच्या कलम ९ प्रमाणे मूल्यमापन त्या माणसाकडून काढून घ्यावं, ही मागणी त्याच अर्जात घाला. समितीवर बाहेरच्या संस्थेची सदस्य कोण आहे ते नावानिशी विचारा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत हॉस्टेलवर ठेवू नका.